मृगदावात कुत्रा

'नॅशनल पार्क'चे आपण मराठीत 'राष्ट्रीय उद्यान' करून ठेवले आणि तेव्हापासून एक गैरसमज कायमचा वस्तीला आला. उद्यान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? कापलेली हिरवळ, मुलांची घसरगुंडी, 'फुले तोडू नयेत' ही पाटी, कुणा दिवंगताच्या स्मरणार्थ दिलेला सिमेंटचा बाक आणि फाटकाबाहेर भेळवाला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पुढचा भाग थोडाफार तसा आहेही. तिकीटखिडकी आहे, रुंद रस्ता आहे, रविवारी सहलीला आलेल्या कुटुंबांचे उघडलेले डबे आहेत. पण सहा-सात किलोमीटर आत गेले की कान्हेरीची लेणी लागतात, आणि लेण्यांच्या पलीकडे, पूर्वेला ठाण्यापर्यंत आणि उत्तरेला घोडबंदरच्या खाडीपर्यंत, जे शंभरावर चौरस किलोमीटर पसरले आहे त्याला उद्यान म्हणणे म्हणजे समुद्राला हौद म्हणण्यासारखे आहे. कागदावर उद्यान, प्रत्यक्षात अरण्य.

हा शब्दांचा कीस पाडायचे निमित्त एका अर्जाचे. निवृत्तीनंतर मी भाईंदर पूर्वेला नवघर भागात राहतो. तिथल्या काही इमारतींतून मध्यंतरी एक अर्ज सह्यांसाठी फिरत होता. वनखात्याला उद्देशून. मागणी अशी की, राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या पासधारकांना आपला पाळीव कुत्रा सोबत आणू द्यावा. कुत्रा लस टोचलेला असेल, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला साखळी असेल, घाण मालक स्वतः उचलील. आणि इतरांना उपद्रव नको म्हणून पहाटे पाच ते सहा ही वेगळी वेळ त्यासाठी द्यावी. शेवटी दाखला होता लंडनचा. तिथल्या राजघराण्याच्या ऐतिहासिक मृगोद्यानांत लोक खुशाल कुत्री फिरवतात, मग आपल्याकडे बंदी का?

बत्तीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे वाचण्यात गेली, त्यामुळे कोणताही अर्ज हातात आला की नजर आधी तारणाकडे जाते. मसुदा चांगला होता, भाषा नम्र होती. शेजारच्या तरुणाने हक्काने म्हटले, "काका, तुमचा बंड्या आहेच की. तुमची सही सगळ्यांत वर पाहिजे." बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जात गावठी, स्वभाव सरकारी. त्याच्या मालकाने सही केली नाही याचे इमारतीत आश्चर्य झाले. जिन्यात उभे राहून जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण विषय जिन्यात मावणारा नव्हे.

आधी अर्जदारांची बाजू. ती खोटी नाही. नवघर हे एके काळी खाडीकाठचे गाव, भोवती मिठागरे. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली, आणि त्यानंतर उभे राहिलेले मनोरे मोजायला जनगणनेची गरज नाही, मान वर केली की पुरे. पालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे खरे, पण त्यात डोंगर आहे, तिवरे आहेत, मिठागरे आहेत, उत्तनचा किनारा आहे. माणसे राहतात ती उरलेल्या तुकड्यात, एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी. या तुकड्यात कुत्रा फिरवणे म्हणजे काय ते सकाळी सातला नवघर रोडवर येऊन पाहावे. एका बाजूला रिक्षांची रांग, दुसऱ्या बाजूला भाजीच्या हातगाड्या, मधून शाळेची बस, आणि दर पन्नास पावलांवर एक नवे कुत्र्यांचे टोळके, ज्याला आपल्या हद्दीतून जाणारा प्रत्येक पट्टेवाला कुत्रा म्हणजे परकीय आक्रमण वाटते. बंड्याने तंगडी वर करायची कुठे, हा आमच्या घरातला रोजचा यक्षप्रश्न आहे.

त्यात २०२५ साल कुत्र्यांच्या आणि कुत्रेवाल्यांच्या दृष्टीने फार वाईट गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर मात्र सोडू नयेत, खाणे घालायचे तर नेमून दिलेल्या जागी घालावे, आणि हा प्रश्न एकट्या दिल्लीचा न राहता सगळ्या राज्यांचा होईल. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश आला, आणि तिथून हलवलेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत असेही बजावले गेले. न्यायालय आपल्या जागी. आमच्या इमारतींत त्याचा परिणाम असा झाला की लोक दोन पक्षांत विभागले गेले. वर्षानुवर्षे एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवणारी माणसे लिफ्टमध्ये कुत्रा दिसला की पुढच्या फेरीची वाट पाहू लागली. अशा वेळी कुत्रेवाल्याला वाटते, इथून कुठे तरी लांब, झाडीत निघून जावे. झाडी कुठे आहे? खिडकीतून पूर्वेला दिसते तो डोंगर. अर्जाचा जन्म इथे झाला.

म्हणजे दुखणे खरे आहे. फक्त पत्ता चुकला आहे.

लंडनचा दाखला नीट तपासून घेऊ, कारण आपल्याकडे परदेशाचा दाखला म्हणजे धनादेशावरची सही समजतात, खात्यात शिल्लक आहे की नाही ते कोणी पाहत नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला रिचमंड पार्क आहे. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली ती जमीन भिंत घालून बंदिस्त केली, शिकारीसाठी हरणे सोडली. आत शेतकऱ्यांच्या जमिनी होत्या, चराईची कुरणे होती. लोकांनी विरोध केला, राजाने जुमानले नाही. शंभरावर वर्षांनी, १७५१ मध्ये, राजकन्या अमेलिया या उद्यानाची रक्षक नेमली गेली आणि तिने आपल्या गोतावळ्याखेरीज इतरांना फाटक बंद केले. तेव्हा जॉन लुईस नावाचा एक दारू गाळणारा व्यावसायिक कोर्टात गेला. त्याचे म्हणणे एवढेच होते की, इथून पूर्वापार पायवाट आहे, ती आमची आहे. १७५८ साली तो खटला जिंकला आणि राजकन्येला भिंतीवरून चढउतार करण्यासाठी शिड्या लावून द्याव्या लागल्या. तिथला माणूस त्या उद्यानात फिरतो तो या हक्काने, आणि त्याच्यासोबत त्याचा कुत्रा फिरतो.

पण ही गोष्ट आहे मालकाविरुद्ध रयतेने मिळवलेल्या हक्काची. हरणांचा तिच्यात संबंध नाही. रिचमंडमध्ये आज सहाशेवर हरणे आहेत, पण त्यांना खाणारे जनावर नाही. इंग्लंडातला लांडगा मध्ययुग सरता सरता नाहीसा झाला. म्हणून दर वर्षी ठरल्या काळात उद्यानाचे कर्मचारीच बंदुकीने काही हरणे मारतात आणि कळप बेताचा ठेवतात. ही राखलेली हरणे आहेत, जवळजवळ पाळलेली. आणि तरीही तिथे कुत्र्यांचा त्रास संपलेला नाही. २०११ मध्ये फेंटन नावाचा एक लॅब्रेडॉर हरणांच्या अख्ख्या कळपामागे धावत सुटला, त्याच्यामागे हाका मारत त्याचा मालक, आणि हे चित्रण जगभर लोकांनी हसत हसत पाहिले. रस्त्यावर मोटारी चालू होत्या आणि कळप त्यांच्यातून उधळला, इकडे हसणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. हरिणींच्या विणीच्या दिवसांत आणि नरांच्या माजाच्या दिवसांत कुत्रा साखळीने बांधा किंवा दुसरीकडे न्या, असे तिथले व्यवस्थापन लोकांना दर वर्षी सांगत असते. ज्या दाखल्यावर आमचा अर्ज उभा होता तो दाखलाच असा भुसभुशीत आहे.

मृगोद्यानाचा दाखला हवाच तर तो आपल्या घरात आहे, आणि लंडनपेक्षा दोन हजार वर्षांनी जुना आहे. सारनाथचा मृगदाव. पालीत त्याला मिगदाय म्हणतात, आणि त्या शब्दाचा एक अर्थ हरणांना दिलेले दान असाही लावतात. तिथे बुद्धाने पहिला उपदेश केला, म्हणून धर्मचक्र आणि त्याच्या दोन बाजूंना दोन हरणे हे त्या प्रसंगाचे चिन्ह झाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या आसनावर ते पाहायला मिळते. जातककथांत या वनाची एक गोष्ट आहे. बनारसचा राजा रोज शिकारीला येई, त्यात एक मरे आणि दहा जखमी होत. तेव्हा हरणांच्या दोन कळपांनी आपसात ठरवले की पाळीपाळीने रोज एकाने स्वतःहून जायचे. एके दिवशी पाळी आली गाभण हरिणीवर. तिच्याऐवजी निग्रोध नावाचा हरणांचा राजा स्वतः जाऊन मान ठेवून पडला. राजाला पाझर फुटला, त्याने त्या हरिणीला अभय दिले, मग सगळ्या हरणांना, मग सगळ्या पशुपक्ष्यांना.

लोक गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. अभय मिळाल्यावर हरणे निर्धास्त झाली आणि लोकांच्या शेतात शिरून उभी पिके खाऊ लागली. शेतकरी राजाकडे तक्रार घेऊन गेले. राजा म्हणाला, दिलेला शब्द मी मोडणार नाही. ही गोष्ट निग्रोधाच्या कानावर गेली तेव्हा त्याने आपल्या कळपाला ताकीद दिली की परक्याचे पीक खायचे नाही. आणि माणसांना निरोप पाठवला की तुम्ही कुंपणे घालू नका, शेताच्या कडेने फक्त पानांची खूण बांधा. ती खूण दिसली की हरणे मागे फिरत. अभय एकतर्फी टिकत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी पाळलेली हद्द लागते, हे त्या जुन्या कथाकाराला आपल्या नगररचनाकारांपेक्षा चांगले कळले होते.

आणि आपला मृगदाव? तो कान्हेरीच्या भोवतीच आहे. कृष्णगिरी ते कान्हेरी. शंभराहून अधिक लेणी, जवळजवळ हजार वर्षे राबता असलेले भिक्षूंचे ठिकाण, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. चितळ, सांबर, भेकर या मंडळींनी त्या भिक्षूंना पाहिले आहे असे म्हणायला हरकत नाही. पण हे जंगल आजवर टिकले ते बुद्धाच्या पुण्याईने नव्हे, मुंबईच्या तहानेने. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाले आणि त्यांच्या पाणलोटातली जमीन राखावी लागली. पुढे त्याभोवतीच राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. १९९५ मध्ये अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली आणि १९९७ च्या आदेशाने हजारो झोपड्या हलवण्याचे काम सुरू झाले. त्या झोपडीवाल्यांना उठवताना जंगल ही आपल्या सर्वांची ठेव आहे असे जे सांगत होते, तेच आता त्या ठेवीवर आपल्या कुत्र्यासाठी कर्ज मागू लागले तर बँकेतल्या माणसाला हसू येणारच.

आता साखळीचा मुद्दा. अर्जाची सगळी भिस्त साखळीवर होती. साखळीने कुत्र्याचे दात आवरतात, वास आवरत नाही. चितळाच्या लेखी कुत्रा म्हणजे कोल्हसुन्यांचा भाऊबंद. तो पट्ट्यात आहे, लस टोचलेला आहे, त्याचे नाव ब्रूनो आहे, या गोष्टी चितळाला कळायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानांत दोन संशोधकांनी हेच तपासून पाहिले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखळीला बांधलेला कुत्रा घेऊन माणूस पायवाटेने गेला की तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटत होती. नुसता माणूस गेला तर परिणाम साधारण निम्मा. आणि ज्या रानांत कुत्री रोज फिरवली जात तिथल्या पक्ष्यांनाही त्याची सवय झालेली नव्हती. आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत जनावराला हाकणे, त्याचा पाठलाग करणे हेही येते, हे कुत्रेवाल्यांनी एकदा वाचावे.

दुसरी गोष्ट रोगाची. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांच्यात जो विषाणू सापडला तो कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात, गावकुत्री आणि खोकड यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत. तिथेही कुत्र्यांत डिस्टेंपर आणि पार्व्होचा मोठा प्रादुर्भाव दिसला होता. पाळलेला कुत्रा लस घेतो हे मान्य. पण फाटकावर कोण तपासणार, कागद खरा की खोटा कोण ठरवणार? जामीनदाराच्या बनावट सह्या पाहत ज्याचे आयुष्य गेले त्याला तरी असल्या दाखल्यांचा भरवसा नाही.

इतके झाले तरी हरणांच्या बाजूचेच झाले. खरी गंमत पहाटे पाच ते सहा या वेळेत आहे. ही वेळ अर्जदारांनी सौजन्यापोटी निवडली होती, कोणाला त्रास नको म्हणून. त्या वेळेचा एक जुना पासधारक मात्र कोणी विचारात घेतला नव्हता. २०१५ साली कॅमेरे लावून झालेल्या गणनेत या उद्यानात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. इतक्या दाट मानवी वस्तीला खेटून इतके बिबटे जगात फारसे कुठे नाहीत. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून ते काय खातात तेही कळले आहे. चितळ, सांबर खातातच, पण एकेका भक्ष्याचा हिशेब केला तर कुत्र्याचा वाटा मोठा: एका अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश, दुसऱ्या अंदाजात त्याहून बराच अधिक. म्हणजे मृगदावात कुत्रा नेणे हा एकाच वेळी हरणांना वाघ दाखवण्याचा आणि बिबट्याला ताट वाढण्याचा प्रकार आहे. साखळीचे दुसरे टोक ज्याच्या मनगटाला गुंडाळलेले असते त्याने या वाक्याचा शांतपणे विचार करावा.

२०१८ मध्येच एका शास्त्रीय नियतकालिकात या बिबट्यांचा जमाखर्च मांडणारा लेख आला. त्यातला अंदाज असा की, उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, त्यामुळे माणसांना होणारे हजारेक चावे टळतात आणि नसबंदीचा खर्च वाचतो. पगार नाही, भत्ता नाही, निवृत्तिवेतन नाही, युनियन नाही. महापालिकेला असा कर्मचारी मिळणे नाही. मी हा लेख वाचला तेव्हा पहिल्यांदा हसलो आणि मग जरा गप्प झालो. कारण हा जमाखर्च एका बाजूचा आहे. कुत्री बिबट्याला पोसतात तशीच ती त्याला वस्तीत आणतात. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास हल्ल्यांची लाट आली, २००४ साली तर कहर झाला, माणसे मेली, त्यांत मुले होती. पुढे जुन्नर भागातल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसऱ्या जंगलात सोडला की तंटा कमी न होता वाढतो. आणि त्या वर्षांत बाहेरचे बिबटे या उद्यानात आणून सोडण्याचा परिपाठ होता. तो थांबला, २०११ पासून वनखात्याने स्वयंसेवकांना सोबत घेऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हल्ले कमी झाले. तरी डिसेंबर २०२५ मध्ये भाईंदर पूर्वेतल्या एका निवासी इमारतीत बिबट्या शिरलाच. माणसे जखमी झाली, कित्येक तासांनी त्याला बेशुद्ध करून नेले. त्यानंतर काही दिवस आमच्याकडे 'बिबटे हटवा' अशी भाषा ऐकू येत होती. जुन्नरचा धडा इतक्या लवकर विसरायला आपल्याला जमते.

मग कुत्री हटवावीत का? एका रात्रीत सगळी कुत्री नाहीशी झाली तर बिबटे काय खातील, हा प्रश्न मला तितकाच गंभीर वाटतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांच्या कोंबड्या, शेळ्या, आणि पुढे काय ते लिहायला नको. कुत्र्यांची संख्या हळूहळू, नसबंदीने, वर्षानुवर्षे नेटाने उतरवत नेली तर जंगलालाही वेळ मिळतो. २००१ चे नियम होते, २०२३ मध्ये नवे आले, दोन्हींचा गाभा नसबंदी हाच. पण नसबंदीचे काम कर्जवसुलीसारखे असते. मार्चअखेरीस मोहीम काढून भागत नाही, बारा महिने दारात जावे लागते. एकदा खंड पडला की मागचे सगळे व्याजासह अंगावर येते, कारण उरलेली कुत्री रिकामी जागा पिल्लांनी भरून काढतात.

या सगळ्यात एका गोष्टीचा उल्लेख अर्जात कुठेच नव्हता. जंगलात माणसे राहतात. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे उद्यानाच्या पोटात आणि कडेला आहेत, आमच्या घोडबंदरच्या बाजूलाही आहेत. त्यांच्या दारात कुत्री आहेत. त्यांना मासिक पास नाही, पहाटेची वेगळी वेळ नाही. अर्जदारांपैकी एक जण मला म्हणाले, "त्यांची कुत्री चालतात, मग आमची का नाही?" प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो घरमालकाला पाहुण्याने विचारावा तसा आहे. नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षे मी जव्हारच्या बाजूला एका शाखेत होतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी पाड्यातली माणसे गावाच्या शिवेवर वाघदेवाला नारळ-नैवेद्य ठेवतात. शहरातून गेलेल्या मला तो नुसता भोळा भाव वाटला नाही. ते एक प्रकारचे करारपत्राचे वार्षिक नूतनीकरण होते. इथपर्यंत तुझे, इथून आमचे. निग्रोधाने पानांची खूण सांगितली, यांनी लाकडावर वाघ कोरला. त्यांचे कुत्रे त्या हद्दीच्या आत झोपते आणि बिबट्याने नेले तर त्यावरून मोर्चा निघत नाही. त्या घरी दुःख होत नाही असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या वर्गाला हद्द पाळण्याची सवय राहिलेली नाही. २०२२ मध्ये दिल्लीच्या एका क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढले जाई, कारण एका बड्या अधिकाऱ्याला तिथे कुत्रा फिरवायचा असे. बातमी छापून आल्यावर बदल्या झाल्या. त्या अधिकाऱ्याला आपण नावे ठेवली. पण मोटारीत कुत्रा घालून बोरिवलीला जायचे आणि हरणांना तासभर बाजूला व्हायला सांगायचे, यात फरक फक्त एवढाच की हरणे वर्तमानपत्राकडे जात नाहीत. मोटार हा शब्द मुद्दाम वापरला. सकाळच्या लोकलमध्ये माणूस शिरत नाही तिथे कुत्रा कुठून शिरणार? सवलत मिळाली असती तरी ती नवघरच्या कुत्र्यांना मिळाली नसती, मोटारवाल्या नवघरकरांच्या कुत्र्यांना मिळाली असती.

दिल्लीतल्याच हौजखासच्या मृगोद्यानाचे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात मोजकी हरणे आणून ते सुरू झाले. जाळीच्या आत त्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली, तेव्हा २०२३ मध्ये प्राणिसंग्रहालय म्हणून असलेली त्याची मान्यता काढून घेण्यात आली, हरणांना राजस्थानच्या जंगलात नेण्याचे ठरले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शहराच्या मधोमध शोभेसाठी ठेवलेल्या हरणांचे शेवटी काय करायचे हे कोणालाच कळेनासे होते. आपल्या डोंगरावरच्या चितळांचे काय करायचे हा प्रश्न अजून पडत नाही, कारण बिबट्या तो रोज रात्री सोडवतो. या व्यवस्थेत आपण न शिरणे एवढेच तिचे मागणे आहे.

शेजाऱ्याला मी अर्ज परत दिला तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर दुसरा मसुदा लिहून दिला होता. वनखात्याऐवजी महापालिका आयुक्तांच्या नावे. विकास आराखड्यात मैदाने आणि बागा म्हणून आरक्षित असलेल्या नवघर भागातल्या जागांपैकी किती ताब्यात आल्या, किती नाहीत, याची यादी द्या. ताब्यात असलेल्या एखाद्या जागेचा कोपरा कुंपण घालून कुत्र्यांसाठी ठेवा; खर्चाला हातभार म्हणून परवाना शुल्क वाढवले तरी आम्ही भरू. या शेवटच्या ओळीवर बरीच मंडळी अडली. नसबंदीचे काम दर महिन्याला किती झाले ते प्रभागवार फलकावर लावा. भटक्या कुत्र्यांना खाणे घालण्याच्या जागा ठरवताना त्या डोंगराच्या बाजूला नकोत.

आणि एक कलम काशिमीऱ्यापासून घोडबंदर रस्त्याने उद्यानाच्या कडेकडेने गेलेल्या पट्ट्याबद्दल होते. तिथे हॉटेले आहेत, ढाबे आहेत, लग्नाची लॉन्स आहेत. रात्री उरलेले अन्न मागच्या बाजूला पडते, त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो. कचऱ्याची गाडी सकाळी येते. ती रात्री, हॉटेले बंद होताच फिरली पाहिजे. सकाळी सातला येऊन उपयोग नाही, तोवर गिऱ्हाईक जेवून डोंगरावर परत गेलेले असते.